साखरेची किंमत: अठराव्या शतकातल्या उपरोधिक कथा समाजाला काय विचारत होत्या

दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये एका गावाबाहेर रस्त्याच्या कडेला एक काळा माणूस पडला आहे. अंगावर निळ्या कापडाची एक चड्डी, बाकी काही नाही. डावा पाय नाही, उजवा हात नाही. वाटेने जाणारा एक तरुण त्याला विचारतो, ही दशा तुझ्या मालकाने केली का? तो शांतपणे सांगतो: हो, इथे तशी रीतच आहे. वर्षातून दोनदा एक चड्डी मिळते. साखरेच्या घाण्यात बोट सापडलं तर हात तोडतात, पळून जायला गेलो तर पाय तोडतात. माझ्या बाबतीत दोन्ही झालं. "तुम्ही युरोपात साखर खाता, ती या किमतीला."

पुढे तो म्हणतो, मला ख्रिस्ती करणारे डच पाद्री दर रविवारी सांगतात की गोरे काय नि काळे काय, आपण सगळी आदमचीच लेकरं. वंशावळीतलं मला काही कळत नाही. पण ते म्हणतात ते खरं असेल, तर आपण सगळे चुलत भावंडं झालो. आणि नात्यातल्या माणसांशी याहून भयंकर वागता येत नाही, एवढं तुम्हीही कबूल कराल.

हा प्रसंग व्हॉल्टेअर या फ्रेंच लेखकाच्या 'कांदीद' या छोट्या कादंबरीच्या एकोणिसाव्या प्रकरणात येतो. पुस्तक १७५९ च्या सुरुवातीला आलं आणि ते हसवणारं पुस्तक म्हणून प्रसिद्ध आहे. पानापानावर हसू येतं, हे खरंच आहे. मग हसवणाऱ्या पुस्तकात हा माणूस कशासाठी? मला वाटतं, हा एक प्रश्न मनात धरून ठेवला की त्या काळातल्या उपरोधिक कथा काय करू पाहत होत्या ते आपोआप उलगडतं.

युरोपच्या इतिहासात अठराव्या शतकाला ज्ञानोदयाचं शतक म्हणतात. चालत आलंय म्हणून खरं मानायचं नाही, प्रत्येक गोष्ट बुद्धीवर घासून बघायची, असा त्या काळच्या विचारवंतांचा आग्रह होता. राजाला अधिकार देवानेच दिला कशावरून? सरदाराच्या पोटी जन्मलेल्याला करांत सवलत आणि शेतकऱ्यावर मात्र बोजा, असं का? श्रद्धेत चूक झाली म्हणून माणूस जाळायचा हक्क कुणाला कसा मिळतो?

हे प्रश्न उघड विचारणं जिवावरचं काम होतं. फ्रान्समध्ये पुस्तक छापायचं तर आधी ते सरकारी परीक्षकांच्या नजरेखालून जायचं. १७४९ मध्ये दिदरो या फ्रेंच विचारवंताला त्याच्या लेखनाबद्दल व्हँसेनच्या किल्ल्यात कोंडलं. जानेवारी १७५७ मध्ये फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्यावर चाकूहल्ला झाला, आणि एप्रिलमध्ये फर्मान निघालं: धर्मावर किंवा राजसत्तेवर हल्ला करणारं जो लिहील किंवा छापील त्याला मृत्युदंड. त्यामुळे अशी पुस्तकं अॅमस्टरडॅम, जिनीव्हा अशा ठिकाणी छापून चोरवाटेने पॅरिसला यायची. कित्येकांवर 'कोलोन, पिएर मार्तो' असं प्रकाशकाचं नाव असायचं. या नावाचा प्रकाशक कोलोनमध्ये कधी नव्हताच. 'कांदीद'वर लेखकाचं नाव नव्हतं. डॉक्टर राल्फ नावाच्या कुणा जर्मन गृहस्थाच्या पुस्तकाचा अनुवाद, एवढंच छापलं होतं. व्हॉल्टेअरने हे पुस्तक आपलं नाही म्हणून कानांवर हात ठेवले, पण पॅरिसच्या वाचकांना ते कुणाचं हे बरोबर कळलं होतं.

मात्र या लेखकांनी केवळ लपण्यासाठी गोष्टी लिहिल्या असं म्हटलं तर अर्धीच गोष्ट सांगून होते. लपायचंच असेल तर बिननावाचा निबंधही चालला असता, आणि तसे निबंध निघतही होते. पण निबंध वाचताना वाचक सावध बसलेला असतो. समोरचा आपल्याला काहीतरी पटवतोय हे त्याला माहीत असतं. गोष्टीत तो कुणा पात्राच्या डोळ्यांनी बघायला लागतो, त्याच्याबरोबर हिंडतो, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात येतं की इतका वेळ आपण आपल्याच घरात हिंडत होतो.

ही युक्ती सगळ्यात स्वच्छ दिसते ती माँटेस्क्यू या फ्रेंच लेखकाच्या 'पर्शियन पत्रां'त. हे पुस्तक १७२१ चं, अर्थातच बिननावी आणि त्याच खोट्या कोलोनच्या पत्त्यावर छापलेलं. उझबेक आणि रिका हे दोन इराणी प्रवासी पॅरिसला येतात आणि जे दिसेल ते घरी पत्रांतून कळवतात. त्यांना फ्रेंचांच्या चालीरीती ठाऊक नाहीत, म्हणून ते प्रत्येक गोष्ट जशी दिसते तशीच सांगतात. रिका लिहितो, इथला राजा मोठा जादूगार आहे. तिजोरीत दहा लाख नाणी असली आणि गरज वीस लाखांची पडली, तर एका नाण्याची किंमत दोन आहे असं तो प्रजेच्या मनात भरवतो, आणि लोक मानतात. लढाईला पैसा नसला तर कागदाचा तुकडा म्हणजेच पैसा असं भरवतो, आणि लोक तेही मानतात. या राजाहून मोठा आणखी एक जादूगार आहे, त्याचं नाव पोप. तीन म्हणजे एक असं तो राजालाच पटवून देतो.

यात शिवी नाही, आरोप नाही. नाण्यांची किंमत मनाला येईल तशी बदलणं, कागदी चलन, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा ख्रिस्ती धर्मातला त्रैक्याचा सिद्धान्त, या तिन्ही गोष्टी पॅरिसकरांना चांगल्या ओळखीच्या. रिकाने फक्त त्यांची रोजची नावं काढून घेतली. नाव निघालं की सवय सुटते, आणि सवय सुटली की आपण हे का मानतो असा प्रश्न पडतो. उपरोधिक कथेचं बहुतेक बळ या साध्या कृतीत आहे.

दुसऱ्या एका पत्रात रिका सांगतो की तो इराणी पोशाखात असताना लोक त्याला बघायला खिडक्यांत गर्दी करायचे. त्याने युरोपी कपडे घातले आणि त्याच्याकडे ढुंकून कुणी बघेना. मग कधी कुणी चुकून सांगितलंच की हे गृहस्थ इराणी आहेत, की लगेच कुजबुज: "अरे वा! इराणी! माणूस इराणी कसा काय असू शकतो?" या एका वाक्यात एका अख्ख्या शहराचा आपणच जगाचं मोजमाप आहोत हा समज सापडतो. घर सोडून दूर राहिलेल्या कुणालाही तो प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकावा लागतो.

पण या पुस्तकातलं मला सगळ्यात थोर वाटतं ते शेवटचं वळण. फ्रान्समधल्या जुलमावर, न्यायावर, स्वातंत्र्यावर इतकं शहाणपणाने लिहिणारा हा उझबेक स्वतः इस्फहानमध्ये जनानखाना ठेवून आहे. खोजांचा पहारा, पत्रांतून धाडलेले हुकूम, शिक्षा, सगळं त्यात आलं. शेवटच्या पत्रात त्याची लाडकी बायको रोक्सान विष घेऊन लिहिते की मी तुझ्या ताब्यात राहिले असेन, पण मनाने कायम स्वतंत्र होते. पुस्तक तिथेच संपतं. दुसऱ्याच्या घरातला अंधार दाखवणाऱ्याचंच घर अंधारात निघतं, आणि उझबेकवर त्याचं उत्तर लिहायची वेळच येत नाही.

आता इंग्लिश खाडीच्या पलीकडे. आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टचा गलिव्हर आपल्यापैकी अनेकांना लहानपणी भेटतो तो सहा इंची माणसांनी दोऱ्यांनी बांधून टाकलेला. मुलांच्या आवृत्तीत तेवढंच उरतं. १७२६ मध्ये आलेल्या मूळ पुस्तकात लिलिपुटमध्ये अंडं मोठ्या टोकाकडून फोडावं की लहान टोकाकडून यावरून बंडं आणि युद्धं होतात, आणि लहान टोक मान्य करण्यापेक्षा मरण पत्करणारे अकरा हजार जण निघतात. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या कत्तली ज्या युरोपने पाहिल्या होत्या त्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या भागात प्रमाण उलटतं. गलिव्हर राक्षसांच्या देशात जातो आणि तिथल्या राजाला मोठ्या प्रेमाने बंदुकीची दारू करायची कृती देऊ करतो. राजा हादरतो, एवढ्याशा किड्याच्या मनात असा विचार येतोच कसा, असं त्याला होतं. गलिव्हरला मात्र राजाच कोत्या बुद्धीचा वाटतो.

स्विफ्टचा खरा कस लागला तो १७२९ च्या 'एक नम्र प्रस्ताव' या काही पानांच्या पत्रकात. तो डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलचा प्रमुख धर्मगुरू होता आणि गावातली उपासमार रोज बघत होता. आयर्लंडची जमीन बव्हंशी अशा मालकांकडे होती की ज्यांतले पुष्कळ जण इंग्लंडमध्ये राहून खंड खात. आयर्लंडचं लोकरी कापड परदेशी विकायला १६९९ च्या कायद्याने बंदी होती. त्यात सलग काही वर्षं पिकं बुडाली. या सगळ्यावर उपाय सुचवणारी पत्रकं ढिगाने निघत होती, त्यांत गरिबांचे आकडे मांडून नफातोटा काढलेला असे.

स्विफ्टने तसाच एक हिशेबी माणूस उभा केला. हा माणूस दयाळूपणे आकडे मांडतो: गरिबांची वर्षाला एक लाख वीस हजार मुलं जन्मतात, वीस हजार वंश चालू ठेवण्यासाठी राखावीत, उरलेली एक लाख वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटासाठी विकावीत. एकेकाला दहा शिलिंग भाव मिळेल. मांस जरा महाग पडेल, म्हणून ते जमीनदारांनाच शोभेल. आईबापांना त्यांनी आधीच खाल्लेलं आहे, तेव्हा मुलांवर पहिला हक्क त्यांचाच.

इथे थांबून समजून घ्यायला हवं, कारण उपरोध वाचताना नवखा वाचक इथेच चकतो. बोलणारा माणूस स्विफ्ट नव्हे. स्विफ्टचा आवाज शेवटाकडे एका यादीत लपला आहे. तिथे तो हिशेबी माणूस म्हणतो, मला दुसरे उपाय सांगू नका: बाहेर राहणाऱ्या मालकांवर कर लावा, देशात बनलेलंच कापड वापरा, जमीनदारांना कुळांवर थोडी तरी दया करायला शिकवा, असलं काही माझ्यापुढे बोलू नका. नाकारलेले हे उपाय म्हणजे स्विफ्टची खरी मागणी. त्यांतलं देशी कापडाचं म्हणणं त्याने १७२० मध्ये सरळ शब्दांत पत्रक काढून मांडलंही होतं आणि सरकारने त्याच्या मुद्रकावर खटला भरला होता. नऊ वर्षं सरळ सांगून झाल्यावर त्याने उलटं सांगितलं. माणसांचे आकडे करून बोलायची एक सभ्य भाषा तेव्हा तयार होत होती. ती शेवटपर्यंत ताणली तर कुठे जाऊन पोचते हे त्याने त्याच भाषेत, आवाज न चढवता दाखवलं. राग वाचकाने करायचा, लेखकाने नाही. हे पत्रक मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा मला त्यातल्या सौजन्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

'कांदीद'मध्ये या सगळ्या युक्त्या एकत्र येतात, आणि त्यामागे एक खरी तारीख आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी लिस्बनची चर्चं भरलेली असताना भूकंप झाला, मग समुद्र शहरात घुसला, आणि कित्येक दिवस आग धुमसत राहिली. हजारो माणसं गेली. त्या काळातल्या सुशिक्षितांत एक मत रुजलं होतं: देव सर्वज्ञ आणि दयाळू आहे, म्हणजे त्याने घडवलेलं जग शक्य त्या जगांमधलं उत्तमच असणार. लायब्नित्स या जर्मन तत्त्वज्ञाने १७१० मध्ये हे फार काटेकोरपणे मांडलं होतं, आणि त्याच्या मांडणीत दुःख नाकारलेलं नव्हतं. पण दिवाणखान्यांत पोचेपर्यंत त्याचं 'जे होतं ते बऱ्यासाठीच' एवढंच उरलं. व्हॉल्टेअरचा राग या उरलेल्यावर होता. ढिगाऱ्याखाली मूल दबलेल्या आईला हे कसं सांगायचं?

त्याने पँग्लॉस नावाचा गुरुजी घडवला. त्याच्या मते नाकं चष्मा ठेवायला बनली आहेत, म्हणून तर आपल्याकडे चष्मे आहेत. त्याचा आश्रयदाता जहागीरदार फार मोठा माणूस, कारण त्याच्या गढीला एक दार आणि खिडक्या आहेत. पँग्लॉसचा भाबडा शिष्य कांदीद त्या गढीतून हाकलला जातो आणि युद्ध, वादळ, भूकंप, फटके यांतून जगभर फिरतो. प्रत्येक घावानंतर गुरूचं वाक्य त्याला आठवतं, आणि दर वेळी ते आधीपेक्षा पोकळ वाजतं.

लिस्बनच्या प्रकरणात तिथले शहाणे लोक ठरवतात की शहर वाचवायचं तर एक चांगला 'आउतो-दा-फे', म्हणजे पाखंड्यांना शिक्षा द्यायचा जाहीर धर्मसोहळा, करावा. काही माणसं मंद आगीवर समारंभपूर्वक जाळली की धरणी हलत नाही, असा कोइंब्राच्या विद्यापीठाचा निर्वाळा आहे. पकडलेल्यांत दोन जण असे, की ज्यांनी कोंबडी खाताना डुकराच्या चरबीचे तुकडे बाजूला काढले होते. म्हणजे ते छुपे यहुदी असणार. पँग्लॉसला धरतात तो बोलला म्हणून, आणि कांदीदला तो मान डोलावत ऐकत होता म्हणून. त्याच दिवशी भूकंपाचा आणखी एक धक्का बसतो. लिस्बनमध्ये जून १७५६ मध्ये असा एक सोहळा खरोखर झाला होता. व्हॉल्टेअरला फार काही कल्पावं लागलं नाही.

इथे गोव्याचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. असे सोहळे करणारी पोर्तुगालची धर्मसभा, इन्क्विझिशन, १५६० पासून गोव्यात बसली होती. मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत. जुन्या गोव्यातल्या तिच्या इमारतीला लोक 'व्हडलें घर' म्हणत. शार्ल देलों नावाच्या फ्रेंच वैद्याला दमणमध्ये पकडून त्या कोठड्यांत ठेवलं होतं. सुटल्यावर त्याने १६८७ मध्ये आपली कैफियत छापली आणि गोव्याची ही कुप्रसिद्धी युरोपभर गेली. १७६९ मध्ये व्हॉल्टेअरने 'अमाबेदची पत्रं' लिहिली. अमाबेद आणि अदाते हे काशीचं तरुण जोडपं एका पाद्र्यावर विश्वास टाकतं. तो त्यांना गोव्याला नेतो, तिथे ते धर्मसभेच्या तुरुंगात पडतात, तोच पाद्री अदातेवर अत्याचार करतो, आणि न्याय मागायला ती दोघं रोमला पोपकडे जातात. कथेचा काळ सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे, म्हणजे गोव्यात धर्मसभा यायच्या आधीचा. व्हॉल्टेअरने तारखांची फिकीर केली नाही. त्याला ती कोठडी हवी होती.

या कथेतले हिंदू मात्र खऱ्या हिंदूंसारखे नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. व्हॉल्टेअर भारतात कधी आला नाही. 'एझूर्वेदम' नावाचं एक हस्तलिखित प्राचीन ब्राह्मणी ग्रंथ समजून त्याने १७६१ मध्ये फ्रान्सच्या राजाच्या ग्रंथालयाला दिलं होतं. ते ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या वर्तुळात रचलेलं निघालं. त्याचा ब्राह्मण, माँटेस्क्यूचा इराणी, हे सगळे युरोपला तोंड दाखवायला धरलेले आरसे. त्या आरशांमागे खरी माणसं होती आणि त्यांचीही दुःखं होती, जातीची, बायकांच्या दास्याची. ती या पुस्तकांत शोधू नयेत.

या हसण्याने काही बदललं का? लगेच तरी नाही. १ जुलै १७६६ ला आबव्हीलमध्ये शव्हालिए द ला बार या तरुणाला धर्मनिंदेच्या आरोपावरून ठार केलं आणि त्याच्या देहाबरोबर व्हॉल्टेअरचा 'तात्त्विक कोश' जाळला. तुलूझच्या जाँ कालास या प्रोटेस्टंट व्यापाऱ्याला १७६२ मध्ये मुलाच्या खुनाच्या आरोपावरून चाकावर हाडं मोडून मारलं, तेव्हा व्हॉल्टेअरने गोष्ट लिहिली नाही. त्याने कागदपत्रं मिळवली, वकील गाठले, युरोपभर पत्रं धाडली, सहिष्णुतेवर निबंध लिहिला. १७६५ मध्ये कालास निर्दोष ठरला. कुठे हसवायचं आणि कुठे खटला लढायचा हे त्याला कळत होतं. माझ्या लेखी हे त्याच्या कुठल्याही विनोदाहून मोठं आहे.

राहिला सुरिनामचा तो माणूस. १७५८ मध्ये लेखनिकाकडून लिहून घेतलेली 'कांदीद'ची एक हस्तलिखित प्रत सापडली आहे. तिच्यात तो नाही. त्याच वर्षी हेल्व्हेशियस या फ्रेंच तत्त्वज्ञाचं एक पुस्तक आलं. युरोपात येणारं साखरेचं एकही पिंप माणसाच्या रक्ताने डागाळल्याशिवाय येत नाही, असं त्यात होतं. अभ्यासक या दोन गोष्टींची सांगड घालतात. म्हणजे गोष्ट लिहून झाली होती, सगळे विनोद जागच्या जागी बसले होते, आणि मग चौसष्ट वर्षांच्या व्हॉल्टेअरने मागे जाऊन कांदीदला सुरिनामच्या रस्त्यावर थांबवलं. तिथे कांदीद पहिल्यांदाच गुरूचं मत सोडतो. आशावाद म्हणजे काय, असं सोबतचा नोकर विचारतो. "सगळं वाईट चाललेलं असताना सगळं छान आहे असं सांगत राहायचं वेड," तो म्हणतो, आणि त्या माणसाकडे बघत रडत रडत गावात शिरतो.

सुरिनाममधली गुलामगिरी कायद्याने १८६३ मध्ये संपली. दहा वर्षांनी, ५ जून १८७३ ला, 'लल्ला रूख' नावाचं जहाज तिथे लागलं. कलकत्त्याहून निघालेल्या त्या जहाजात उसाच्या मळ्यांसाठी आणलेले गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर होते.